उभ्या निलगिरीतील वाढीच्या ताणाचे आकडे जुळत नाहीत: दोष कुठे शोधावा

मागच्या मार्च महिन्यात कोल्हापुरातील एका वखारीतून फोन आला. भुदरगड तालुक्यातील एका शेताच्या बांधावरची निलगिरीची झाडे आम्ही तोडीपूर्वी मोजली होती आणि ज्या झाडांत वाढीचा ताण, म्हणजे झाड वाढताना लाकडात साठत जाणारी ओढ, कमी आढळला त्यांच्या बुंध्यावर पांढरी खूण केली होती. खुणेचा अर्थ एवढाच होता, की हा ओंडका फळ्या काढण्याजोगा आहे, तो सेंट्रिंगच्या बल्ल्यांत घालवू नये. पलीकडून वखारवाले म्हणाले, "साहेब, तुमच्या पांढऱ्या खुणंचंच झाड हे. फळी बघा की, कशी कमानीवानी झालीया."

प्रत्यक्ष जाऊन पाहिले तेव्हा पट्टीकरवतीवरून नुकतीच उतरलेली सहा फुटी फळी फरशीवर ठेवलेली होती. तिची दोन्ही टोके फरशीला टेकलेली होती आणि मधल्या भागाखालून माझा हात सहज आरपार जात होता. उरलेल्या ओंडक्याच्या तोंडाला गाभ्यापासून सालीकडे गेलेली एक चीर होती, आणि ती रात्रीतून वीतभर वाढली असे करवतीवरच्या कामगाराने सांगितले. आमच्या वहीत त्या झाडापुढे ४१० मायक्रोस्ट्रेन (स्ट्रेन म्हणजे लांबीतील बदलाचे प्रमाण, मायक्रोस्ट्रेन म्हणजे त्यातला दशलक्षांश) असा आकडा होता, जो निलगिरीसाठी कमीच म्हणावा लागतो.

उभ्या झाडांवर हे मोजमाप करणारे बहुतेकजण आज ना उद्या याच अडचणीपाशी येऊन थांबतात. कधी एकाच झाडाचे दोन दिवसांचे आकडे निम्म्याने वेगळे येतात, कधी करवत लागण्याआधीच आकडा सरकत राहतो, तर कधी आकडे व्यवस्थित दिसतात आणि लाकूड मात्र वखारीत उलटेच वागते. अशा वेळी पहिला संशय उपकरणावर जातो आणि ते दुरुस्तीला पाठवले जाते. माझ्या अनुभवात उपकरण क्वचितच दोषी निघाले आहे. दोष बहुतेक वेळा वायरीत, सालीखालच्या पृष्ठभागावर, खाचेच्या खोलीत किंवा मोजण्यासाठी निवडलेल्या जागेत असतो, आणि या चारही ठिकाणी तो वेगवेगळ्या खुणा ठेवून जातो.

नेमके काय मोजले जाते

निलगिरीचे खोड बाहेरच्या बाजूने जाड होत जाते. सालीखाली तयार झालेली नवी पेशी परिपक्व होताना, म्हणजे तिच्या भित्तिकेतील सेल्युलोजचे तंतू आणि लिग्निन पक्के होत असताना, लांबीच्या दिशेने आखडू पाहते. पण आतल्या जुन्या, टणक लाकडाला ती जखडलेली असल्यामुळे तिला पुरते आखडता येत नाही, आणि राहून गेलेले ते आखडणे ताणाच्या रूपाने लाकडात साठते. असे थर वर्षानुवर्षे चढत गेल्यामुळे बाहेरचे लाकूड ओढलेले आणि गाभ्याचे लाकूड दाबलेले अशी स्थिती झाड उभे असतानाच तयार होते. लाकूडशास्त्रज्ञ हान्स क्यूब्लर यांनी १९५९ मध्ये या वाटणीचे जे गणित मांडले, त्याप्रमाणे ओढ आणि दाब यांची सीमा गाभ्यापासून त्रिज्येच्या साधारण ०.६ पट अंतरावर येते. ३० सेंटिमीटर व्यासाच्या खोडात ही सीमा मध्यापासून सुमारे ९ सेंटिमीटरवर पडते. झाड तोडले, ओंडके पाडले, फळी काढली, की हा समतोल टप्प्याटप्प्याने मोडतो. मग ओंडक्यांची तोंडे फाटतात, फळ्या वाकतात, आणि जुन्या जाड झाडांत गाभ्याजवळचे तंतू दाबाने आधीच चुरडलेले सापडतात. अशा गाभ्याच्या फळीवर भार येताच ती खडूसारखी तुटते.

उभ्या झाडावर आपण फक्त पृष्ठभागाचा ताण मोजतो, आणि तोही सोडवून. एका पद्धतीत साल काढून लाकडावर स्ट्रेनगेज (लांबी बदलली की जिचा विद्युत रोध बदलतो अशी पातळ पट्टी) चिकटवतात आणि त्याच्या वर व खाली करवतीने आडव्या खाचा घेतात. मधला तुकडा मोकळा होऊन जितका आखडतो तितका आकडा गेज दाखवतो. दुसरी पद्धत फ्रान्समधील सिराड या संशोधन संस्थेची आहे: खोडावर उभ्या रेषेत ४५ मिलिमीटर अंतरावर दोन खिळे ठोकायचे, त्यांच्या बरोबर मध्ये २० मिलिमीटर व्यासाचे भोक पाडायचे आणि खिळ्यांमधील अंतर किती बदलले ते हजारांश मिलिमीटरपर्यंत वाचणाऱ्या डायलवर पाहायचे. दोन्ही पद्धतींत मोजलेल्या जागेचा ताण मोजतानाच निघून जातो, म्हणून तीच जागा पुन्हा कधीही मोजता येत नाही. 'मी तेच झाड परत मोजले' असे कोणी म्हणतो तेव्हा त्याने खरे तर शेजारची दुसरी जागा मोजलेली असते. त्यामुळे करवत किंवा गिरमिट लागण्यापूर्वी जे जे तपासता येते ते सगळे आधीच तपासून घ्यावे लागते. नंतर संशय आला तर पुरावा उरलेला नसतो.

करवत लागण्याआधीची दहा मिनिटे

गेज चिकटवून, वायरी जोडून, आकडा शून्यावर आणून दहा मिनिटे काहीही करू नये. झाडाला हात लावू नये, वायर हलवू नये, फक्त दर मिनिटाला आकडा लिहावा. माझा नियम असा आहे की दहा मिनिटांत आकडा पाच-सहा मायक्रोस्ट्रेनपेक्षा जास्त सरकला तर त्या जागी खाच घ्यायची नाही. ही दहा मिनिटे वाचवण्याचा मोह प्रत्येकाला होतो, विशेषतः दिवसात वीस झाडे संपवायची असतात तेव्हा, आणि आमचे निम्मे वाया गेलेले आकडे याच मोहाचे फळ आहेत.

आकडा कसा सरकतो यावरून दोष ओळखता येतो. तो मध्येच उडी मारून परत येत असेल तर जोड सैल आहे. नेहमीचा गेज १२० ओहमचा असतो आणि त्याचा गुणांक साधारण २ असतो. म्हणजे १००० मायक्रोस्ट्रेनसाठी त्याचा रोध केवळ ०.२४ ओहमने बदलतो. याचा दुसरा अर्थ असा, की कनेक्टरच्या गंजलेल्या पिनेमुळे ०.०२४ ओहमचा फरक पडला तरी तो १०० मायक्रोस्ट्रेन म्हणून वहीत येतो. कोल्हापूरच्या पश्चिमेकडील तालुक्यांत पावसाळाभर पेटीत ठेवलेले कनेक्टर ऑक्टोबरमध्ये बाहेर काढले, की त्यांच्यावर हिरवट थर आलेला असतो, आणि हंगामातील पहिल्या दिवसाचे आकडे हमखास उड्या मारतात. शक्य तिथे कनेक्टर टाळून वायर सरळ डाखून घ्यावी.

आकडा उडी न मारता एकाच दिशेने सावकाश चढत किंवा उतरत असेल तर ते तापमानाचे काम आहे. गेजला दोनच वायरी जोडलेल्या असतील आणि त्या दोन्हींचा मिळून रोध अर्धा ओहम असेल, तर तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढत असल्यामुळे वायर १० अंशांनी तापताच अंदाजे ८० मायक्रोस्ट्रेनचा खोटा आकडा तयार होतो. सकाळी आठला सावलीत पडलेली वायर साडेनऊला उन्हात येते, तेव्हा १० अंश ही काही मोठी गोष्ट नव्हे. तीन वायरींची जोडणी केली की हा दोष जवळजवळ नाहीसा होतो. जादा वायरीचा खर्च एका फुकट गेलेल्या गेजपेक्षाही कमी आहे.

तापमानाचा आणखी एक दोष गेजच्या पाकिटावरच छापलेला असतो आणि तरी तो नजरेतून सुटतो. गेज कोणत्या पदार्थासाठी जुळवलेला आहे ते पाकिटावर आकड्याने दिलेले असते: पोलादासाठी ११ आणि ॲल्युमिनियमसाठी २३. लाकूड मात्र तंतूंच्या दिशेने दर अंशाला दशलक्ष भागांत तीन ते पाच भागच वाढते. त्यामुळे पोलादासाठी जुळवलेला गेज लाकडावर लावला तर दर अंशाला सुमारे सात मायक्रोस्ट्रेनची चूक येते, आणि ॲल्युमिनियमचा लावला तर जवळजवळ वीसची. लाकडाशी नेमका जुळणारा गेज सहसा मिळत नाही. म्हणून त्याच जातीच्या ओल्या लाकडाच्या सुट्या तुकड्यावर दुसरा गेज चिकटवून तो तुकडा त्याच झाडाच्या सावलीत टांगावा आणि दोन्ही गेज एकाच ब्रिजमध्ये, म्हणजे रोधांतील फरक मोजणाऱ्या जोडणीत, जोडावेत. तुकडा कोरडा पडू नये म्हणून तो प्लास्टिकच्या पातळ पिशवीत गुंडाळलेला असावा.

शेवटची गोष्ट गेजला दिल्या जाणाऱ्या विद्युत दाबाची. धातूवर चिकटवलेल्या गेजची उष्णता धातूत पसरून जाते. लाकूड उष्णता फारशी वाहून नेत नाही, म्हणून गेज स्वतःच्याच विजेने तापत राहतो. सुरुवातीच्या दोन-तीन मिनिटांत आकडा भरभर चढून मग मंदावत असेल तर दाब कमी करावा, किंवा ३५० ओहमचा गेज वापरावा.

वाऱ्याबद्दल वेगळे सांगण्याची गरज पडू नये. पण पन्हाळ्याच्या बाजूच्या उघड्या पठारावर दुपारी मोजमाप करण्याचा आग्रह धरणारे लोक मी पाहिले आहेत. झाड डोलते तेव्हा खोड वाकते, आणि वाकण्याने पृष्ठभागावर येणारा स्ट्रेन आकड्यात मिसळतो. सकाळी लवकर, वारा पडलेला असताना काम उरकावे.

साल आणि तिच्याखालचा चिकट थर

जुलै-ऑगस्टमध्ये निलगिरीची साल अंगठ्याने ओढली तरी पट्टीसारखी सुटते, कारण त्या वेळी सालीखालचा वाढीचा थर कोवळा आणि रसाने भरलेला असतो. मार्च-एप्रिलमध्ये तीच साल पटाशी घालून खरवडावी लागते. दोन्ही हंगामांत चुका होतात, मात्र त्या एकमेकींच्या उलट असतात.

पावसाळ्यात साल इतकी सहज निघते की लाकूड उघडे झाले असे वाटते. प्रत्यक्षात लाकडावर साबणाच्या फेसासारखा निसरडा, पारदर्शक थर शिल्लक असतो. बोट फिरवून पाहावे. बोट सरकले तर थर आहे, किंचित अडले तर लाकूड आहे. या थरावर चिकटवलेला गेज लाकडाबरोबर हलतच नाही. खाच घेतल्यावर आकडा संशय येण्याइतका लहान येतो, किंवा काही मिनिटांनी आपोआप शून्याकडे परततो. पटाशीच्या पाठीने किंवा काचेच्या तुकड्याने हा थर खरवडून, कोरड्या सुती कापडाने टिपून, मगच सायनोॲक्रिलेटचा गोंद लावावा. गोंद वाळल्यावर गेजचा कोपरा नखाने हलकेच उचलून पाहावा. तो उचलला गेला तर पुढे काहीही करण्यात अर्थ नाही.

उन्हाळ्यात चूक होते ती पटाशी खोल गेल्याने. साल काढताना लाकडाचे एक-दोन मिलिमीटर तासले गेले तर गेज सगळ्यात नव्या थरावर राहत नाही, आणि तासताना त्या थराचा थोडा ताण आधीच निघून गेलेला असतो. त्याहून मोठा धोका लाकूड वाळण्याचा आहे. हिरव्या अवस्थेपासून पूर्ण कोरडे होईपर्यंत साधारण लाकूड तंतूंच्या दिशेने ०.१ ते ०.३ टक्के आखडते, म्हणजेच १००० ते ३००० मायक्रोस्ट्रेन. आपण मोजतो तो वाढीचा स्ट्रेनही निलगिरीत याच घरातला, काही शे ते दीड-दोन हजारांपर्यंत असतो. म्हणून उघड्या लाकडाचा अगदी वरचा पापुद्रा चाळीस अंशांच्या उन्हात अर्धा तास वाळला, तर त्याच्या आखडण्याचा वाटा आकड्यात शिरल्याशिवाय राहत नाही, आणि दोन्ही आखडणी एकाच दिशेची असल्यामुळे तो वेगळा ओळखताही येत नाही. आम्ही साल काढल्यापासून खाच पूर्ण होईपर्यंतचा वेळ वहीत मिनिटांत लिहितो. वीस मिनिटांच्या वर गेलेला आकडा वेगळ्या रंगाच्या शाईने लिहिला जातो आणि झाडे निवडताना तो धरला जात नाही.

खाच किती खोल

या प्रश्नाला नुसता आकडा देऊन भागत नाही, कारण तो गेजच्या लांबीवर, खाचांमधील अंतरावर आणि लाकडाच्या जातीवर अवलंबून आहे. उत्तर झाडाकडूनच काढून घ्यावे लागते. प्रत्येक नव्या मळ्यात पहिल्या झाडावर खाच दोन-दोन मिलिमीटरने खोल करत जावे, दर वेळी अर्धा मिनिट थांबावे आणि आकडा लिहावा. सुरुवातीला आकडा झपाट्याने वाढतो, मग मंदावतो आणि एका खोलीनंतर जागचा हलत नाही. त्या खोलीपेक्षा थोडी अधिक खोली उरलेल्या सर्व झाडांसाठी ठरवून टाकावी आणि करवतीच्या पात्याला तिथे रंगीत चिकटपट्टी लावावी. ही चाचणी न करता 'नेहमीप्रमाणे' खाच घेणारे दोन कारागीर एकाच मळ्यात काम करत असतील तर त्यांचे आकडे कधीच जुळणार नाहीत, आणि दोष कोणाच्या हाताचा यावर वाद मात्र भरपूर होईल.

भोकाच्या पद्धतीतही हेच तत्त्व आहे. भोकाची खोली त्याच्या व्यासाइतकी झाली की आकडा बहुतेक स्थिरावतो. त्याआधी थांबलेल्या गिरमिटाचा आकडा कमी भरतो. इथे इतर दोषही आहेत. बोथट गिरमिट लाकूड कापण्याऐवजी तापवते आणि ढकलते. भोकातून निघणारा भुसा तपकिरी होऊन जळका वास आला तर डायल वाचण्याआधी पाच मिनिटे थांबावे आणि परतल्यावर पाते धार लावायला द्यावे. भोक दोन खिळ्यांच्या बरोबर मध्ये न पडता एकीकडे सरकले तर आकडा बिघडतो, म्हणून साच्याशिवाय हाताने भोक पाडू नये. खिळे लाकडात घट्ट रुतलेले असावेत. मार्चमध्ये जाड सालीतून ठोकलेला खिळा पुष्कळदा सालीतच अडकून राहतो आणि डायल त्या सालीची हालचाल दाखवत बसते.

तंतूंच्या तिरकेपणाची चिंता लोक जरुरीपेक्षा जास्त करतात. निलगिरीत तंतू खोडाभोवती पिळलेले असणे नेहमीचे आहे, पण गेज तंतूंच्या दिशेपासून १० अंश चुकला तरी लांबीच्या दिशेचा वाटा त्या कोनाच्या कोज्येच्या वर्गाने, म्हणजे तीन टक्क्यांनीच घटतो. आडव्या दिशेचे लाकूड मोकळे झाल्यावर प्रसरण पावते, त्यामुळे घट थोडी आणखी वाढते. तरीही एका जागी ४१० आणि दुसरीकडे, समजा, १२०० आले तर एवढा फरक तिरकेपणाने समजावता येत नाही. साल काढल्यावर दिसणाऱ्या रेषांना समांतर गेज लावला की तेवढी काळजी पुरे.

अधिक की उणे

हा दोष मोजमापाचा नसून वहीचा आहे, पण त्याने दोन वर्षांची माहिती एकत्र करताना आमचे पूर्ण आठ दिवस खाल्ले. बाहेरचे लाकूड ओढलेले असते तेव्हा खाचांमधील मोकळा तुकडा आखडतो, म्हणून स्ट्रेनगेज उणे आकडा दाखवतो. त्याच ओढलेल्या लाकडात भोक पाडले, की भोकाच्या वरचे आणि खालचे लाकूड एकमेकांपासून दूर ओढले जाते, आणि खिळ्यांमधील अंतर वाढते. म्हणून डायल अधिक आकडा दाखवते. एकाच ताणाची ही दोन विरुद्ध चिन्हे आहेत. शिवाय डायलचा आकडा अंतराचा असतो, त्याला त्या जातीसाठी ठरवलेल्या गुणांकाने गुणल्याशिवाय तो स्ट्रेन होत नाही. वहीत पद्धतीचे नाव न लिहिता फक्त आकडा लिहिला असेल तर नंतर कोणालाही तो सोडवता येणार नाही. गेजच्या आकड्याला कोणीतरी 'सोयीसाठी' अधिक केलेले असेल, तर प्रकरण संपलेच.

वायर, साल, खाच ठीक असूनही आकडे विखुरलेले

आता दोष झाडाकडे जातो, आणि खरे तर त्याला दोष म्हणू नये. झाड कललेले असेल तर ते स्वतःला सरळ करण्यासाठी वरच्या बाजूला वेगळ्या प्रकारचे लाकूड तयार करते. त्याला टेन्शन वूड म्हणतात, आणि त्यातील ओढ साध्या लाकडाच्या दुप्पट-तिप्पट असणे नवलाचे नाही. खोडाच्या समोरासमोरच्या दोन बाजूंचे आकडे वेगळे येतात ते यामुळे. पाईन-देवदार यांसारख्या सूचिपर्णी वृक्षांत हे उलटे असते, तिथे खालच्या बाजूला दाब देणारे लाकूड बनते. सुरूची पाने सुईसारखी दिसत असल्याने कोणी त्याला सूचिपर्णी समजून खालची बाजू तपासायला जातो, म्हणून सांगून ठेवतो: सुरू हा निलगिरीसारखाच सपुष्प वृक्ष आहे, त्याचीही वरचीच बाजू पाहावी.

दोष उपकरणाचा की फरक झाडाचा, हे ठरवण्याची एक साधी रीत आहे. एकाच बाजूला, एकाच उंचीवर, हातभर नव्हे पण वीतभर अंतरावर दोन जागा मोजाव्यात. त्या दोन जागांचे आकडे जवळ आले आणि समोरची बाजू मात्र दूर गेली, तर उपकरण बरोबर आहे आणि झाड असमान आहे. शेजारच्या दोन जागाच जुळत नसतील तर वर सांगितलेल्या तपासण्यांकडे परत जावे. गाठ किंवा जुनी जखम जवळ नाही ना, हेही पाहावे. पहिल्या खाचेला चिकटून दुसरी घेऊ नये, कारण तिथला ताण पहिल्या खाचेने अंशतः सोडवलेला असतो.

आपल्याकडील झाडांवर चार बाजू ही किमान अपेक्षा ठेवावी. छातीची उंची म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटर, उतारावर चढाच्या बाजूने मोजून. त्या उंचीवर कलाची वरची बाजू आधी ठरवावी आणि तिथून चार बाजू घ्याव्यात. उत्तर-दक्षिण धरून चार बाजू घेण्याची पद्धत कागदावर छान दिसते, पण राधानगरी किंवा आजऱ्याच्या उतारावर झाड होकायंत्र पाहून कलत नाही. ते उताराकडे, उजेडाकडे आणि पावसाळी वाऱ्याच्या पाठीकडे कलते. कल ओळखण्यासाठी ओळंबा लागतो. डोळ्याला सरळ वाटणारे खोड पुष्कळदा सरळ नसते. चारही आकडे वहीत वेगवेगळे ठेवावेत, नुसती सरासरी लिहू नये, कारण फळी वाकवतो तो दोन बाजूंमधील फरक, आणि सरासरीत नेमका तोच पुसला जातो.

आकडा बरोबर, तरी वखारीत फाटले

असेही होते, आणि त्याची दोन कारणे मी वारंवार पाहिली आहेत.

पहिले व्यासाचे. पृष्ठभागावरचा ताण दोन झाडांत सारखाच असला तरी २० सेंटिमीटर व्यासाच्या खोडात तो ओढीपासून दाबापर्यंत फार थोड्या अंतरात बदलतो, तर ४० सेंटिमीटरच्या खोडात दुप्पट अंतरात. त्यामुळे बारीक खोडातून काढलेली तेवढ्याच जाडीची फळी जास्त वाकते. निवडीची मर्यादा सर्व व्यासांना एकच ठेवली तर बारीक झाडे वखारीत आपली फजिती करणारच.

दुसरे स्ट्रेनवरून ताण काढतानाचे. स्ट्रेनला लाकडाच्या लवचिकता गुणांकाने गुणले की ताण मिळतो. ८०० मायक्रोस्ट्रेन आणि १२ गिगापास्कल असतील तर ९.६ मेगापास्कल. हा गुणांक पुस्तकातून घेतला तर तो सहसा वाळलेल्या लाकडाचा असतो, आणि आपले झाड हिरवे असते. उभ्या झाडात ध्वनीचा वेग मोजून गुणांक काढणे अधिक बरे: हिरव्या लाकडाची घनता घनमीटरला १००० किलो आणि वेग सेकंदाला ३५०० मीटर असेल तर वेगाचा वर्ग गुणिले घनता म्हणजे १२.२५ गिगापास्कल होतात. मात्र उभ्या झाडावर दोन खिळ्यांमधून मोजलेला वेग त्याच झाडाच्या पाडलेल्या ओंडक्यावर ठोका देऊन मोजलेल्या वेगापेक्षा जास्त येतो, म्हणून उभ्या झाडाचे आणि ओंडक्याचे आकडे एका रकान्यात मिसळू नयेत. आणि नुसत्या ध्वनीच्या वेगावरून वाढीचा ताण सांगता येतो असे कोणी म्हणत असेल तर त्याच्यापुढे एकाच वेगाची दोन झाडे ठेवून ती चिरायला सांगावी.

ओंडक्याच्या तोंडाच्या चिरांशी आकडे ताडून पाहायचे असतील तर चिरा मोजण्याची वेळ ठरलेली हवी. पाडल्याबरोबर दिसणारी चीर आणि आठ दिवस उन्हात पडलेल्या ओंडक्याची चीर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीत वाळण्याचा वाटा मोठा असतो. आम्ही ओंडका पाडल्यापासून चोवीस तासांनी मोजतो आणि तोवर तोंडांवर ओले पोते टाकून ठेवतो.

जे झाड मोजून तसेच उभे ठेवायचे आहे, त्याच्या खाचांना आणि भोकांना त्याच दिवशी बोर्डो पेस्ट लावावी: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. शेतकऱ्याच्या घरी द्राक्ष किंवा आंबा असेल तर ती त्यांच्याकडेच तयार मिळते.

त्या बांधावरचे झाड

वखारीतून परतताना मी भुदरगडला जाऊन त्या झाडाचा बुडखा पाहिला. करवतीने कापलेल्या तोंडावर गाभा मध्यावर नव्हता. तो पायवाटेच्या बाजूला सरकलेला होता, आणि कुंपणाच्या बाजूचे लाकूड जवळजवळ दुप्पट रुंद होते. त्या रुंद भागावर हात फिरवला तर तंतू लोकरीसारखे उसवलेले लागत होते, तर पायवाटेकडचा भाग गुळगुळीत होता. टेन्शन वूड हिरवेपणी कापले की असेच दिसते. झाड उजेडासाठी मोकळ्या पायवाटेकडे कललेले होते, म्हणजे त्याची वरची बाजू कुंपणाकडची. आमच्या वहीत त्या झाडापुढे एकच जागा नोंदलेली होती, पायवाटेकडची, कारण कुंपणाला घायपात आणि काटेरी तार होती आणि त्या बाजूला गेज लावायला माणूस उभा राहू शकत नव्हता. ४१० हा आकडा त्या जागेपुरता बरोबर असणार.

बांधावर त्याच ओळीत पांढऱ्या खुणेची आणखी तीन झाडे उभी होती. शेतकऱ्याला विचारून दुसऱ्या दिवशी तार सोडवली, घायपात कोयत्याने मागे सारली आणि कुंपणाच्या बाजूने तिन्ही झाडे मोजली. दोन झाडांवरची पांढरी खूण त्याच दुपारी गेरू फासून झाकली. तिसरे झाड ओळंब्याला सरळ होते आणि दोन्ही बाजूंचे आकडेही जवळ होते, ते वखारीला पाठवले. त्यानंतर वहीत 'बाजू' या रकान्याशेजारी 'मोजता न आलेली बाजू व कारण' असा एक रकाना वाढवला आहे, आणि तो भरलेला असेल तर त्या झाडावर पांढरी खूण करायची नाही असे ठरले आहे.